पट्टी हिरवी आली तेव्हा

पंधरा वर्षं मी अमरावतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आहे. लिंबाच्या रसाचा सामू, म्हणजे पीएच, साधारण दोन, साबणाच्या पाण्याचा दहाच्या आसपास, मध्ये सात म्हणजे उदासीन, हे मी झोपेतही सांगेन. तरी सात म्हणजे नेमकं काय, ते मला स्वतःला कळलंय की नाही, याची आता खात्री वाटत नाही.

आईचा दर्यापूरकडे फुलांचा मळा आहे. मागच्या उन्हाळ्यात विहीर आटली म्हणून तिने बोअर मारली. पाणी भरपूर लागलं. आईने ओंजळीत घेऊन जिभेवर ठेवलं आणि थुंकून टाकलं.

"खारट हाये वं. गुलाबाले नाही चालनार."

गुलाबाची ती कलमं तिने हिवाळाभर, दुखरे गुडघे मोडून बसून, खुंटावर एकेक डोळा बांधून तयार केली होती. मला राहवलं नाही. पुढच्या रविवारी शाळेच्या प्रयोगशाळेतल्या सामू मोजायच्या चार पट्ट्या पर्समध्ये घालून एसटीने गेले. पट्टी बुडवली, हिरवी आली. डबीवरच्या रंगांशी लावून पाहिली.

"हे पाय, सात. आंबट नाही, साबनासारखं नाही. एकदम मधलं."

"मंग जिभेले खारट काहून लागून राहिलं?"

"तुह्या जिभेचं काय घेऊन बसली! रोज सकायी तंबाखूचं मंजन घासतं, तिले काय चव समजनार?"

आई हसली आणि तिने मोटर सुरू केली.

तीन आठवड्यांत पानांच्या कडा करपल्या. मला वाटलं, ऊन. मग वाटलं, बुरशी. पुन्हा पट्टी बुडवली, पुन्हा हिरवीच. माझं डोकं चालेना. शेवटी बाटलीत पाणी भरून अकोल्याला तपासणीला नेलं. तिथल्या माणसाने अहवाल माझ्यापुढे सरकवला.

"सामू ठीकच आहे मॅडम. पण पाण्यात मीठ किती आहे, ते पाहिलं का?"

"अहो, पण सामू सात आहे ना!"

"मीठ टाकल्यानं सामू कुठे बदलतो?"

कुठे बदलतो! 'मीठ उदासीन' हे दरवर्षी फळ्यावर मीच लिहिते. पट्टी आंबट की अल्कली एवढंच सांगते, मीठ तिला दिसतच नाही. म्हणजे पट्टी खोटं बोलली नव्हती आणि आईची जीभही नव्हती. मग चुकलं कोण? परतीच्या बसमध्ये मी हाच हिशेब करत बसले आणि दरवेळी उत्तर माझ्याच नावावर येत होतं. डोळ्यांत साबण का झोंबतो, पोटात जळजळ झाली की गोळी कसं काम करते, हे पोरांना रंगवून सांगणारी मी. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

मळ्यात पोचले तेव्हा आई वाळलेली कलमं उपटत होती. मी सगळं सांगितलं. चुकले म्हटलं.

"मले मालूम होतं," ती म्हणाली.

"मंग पानी काहून देल्लं?"

तिने हातातलं कलम ढिगावर टाकलं.

"तू सांगतलं म्हनून. तुले शिकवाले म्या जलमभर फुलं इकली. मंग तुहं नाही आयकू तं कोनाचं आयकू?"