कोटाच्या अस्तरातला लाल टाका

विद्यापीठामागच्या गल्लीत कपडे दुरुस्त करणाऱ्या मावशीकडे एक काळा कोट होता. मुलाखतीचं बोलावणं आलंय आणि अंगावर घालायला धड काही नाही, अशा प्रत्येक मुलीला ती तो कच्च्या टाक्यांनी मापाचा करून द्यायची. परत आला की उसवायची आणि पुढचीच्या मापाचा करायची. जिला नोकरी लागे ती अस्तरावर आपल्या आवडीच्या रंगाचा एक पक्का टाका घालून जाई. कोट उलटा घातला तर लग्नातही मिरवता येईल, असं मावशी म्हणायची.

लाल टाका ज्या मुलीचा, तिला मावशी थोरली म्हणायची. शेवटच्या वर्षी तिच्या घरच्यांनी शिक्षण पुरे म्हणून तगादा लावला, तेव्हा मावशीने तिला दुकानाच्या पोटमाळ्यावर ठेवून घेतलं. संध्याकाळी काज-बटणांचं काम दिलं आणि पदवी हातात पडेपर्यंत पोटच्या पोरीसारखं सांभाळलं. मावशीला स्वतःचं कुणी नव्हतं. थोरली आता एका बड्या कंपनीत माणसं निवडायला बसते, हे ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगे, कुणी विचारो न विचारो.

यंदा त्याच कंपनीतून कोट न्यायला आलेल्या नव्या मुलीला, मावशीच्या धाकटीला, बोलावणं आलं आणि मावशीला आभाळ ठेंगणं झालं. धाकटीचे वडील अंथरुणाला खिळलेले. ही नोकरी हुकली तर ती परीक्षा सोडून घरी परतणार होती. मावशीने तिला बजावलं, बसताना कोटाचं बटण काढ, अस्तर दिसू दे. लाल टाका पाहिला की थोरली काय ते समजेल.

धाकटी आली ती मान खाली घालून. तिने सांगितलं, मुलाखत घेणाऱ्या थोरली मॅडमना अस्तर दिसलं आणि त्यांचा चेहराच उतरला. शेजारच्या साहेबांनी हसून विचारलं, हे कसलं नक्षीकाम? तेव्हा मॅडमच म्हणाल्या, उसने कपडे घालून येणाऱ्यांकडून जबाबदारीची काय अपेक्षा ठेवायची. मग तिची बोळवण झाली.

मावशीचा विश्वास बसेना. तिने फोन लावला.

"मावशी, तो कोट इकडे पाठवू नका," थोरली हळू आवाजात म्हणाली. "मी कुठून आले ते इथे कुणाला माहीत नाही."

"तुला तर माहीत होतं ना? म्हणून तर पाठवली तिला."

थोरलीने फोन ठेवला. परक्याने असं केलं असतं तर मावशी दोन शिव्या हासडून मोकळी झाली असती. इथे आपल्याच मुलीने केसाने गळा कापला होता, आणि शिवी तोंडातून निघत नव्हती.

धाकटी गावी जायला भरलेली पिशवी घेऊन निरोप घ्यायला आली. मावशीने ती हातातून काढून घेतली आणि पोटमाळ्यावर नेऊन ठेवली. परीक्षा दिल्याशिवाय जायचं नाही, एवढंच म्हणाली.

मग ती कोट मांडीवर घेऊन लाल टाका उसवायला बसली. तो निघेना. असा टाका घालायला तिनेच शिकवलं होतं. धाकटी म्हणाली, राहू दे मावशी, अस्तर फाटेल. मावशीने कात्री लावली. अस्तर फाटलंच.

"पुढच्या वेळी बटण लावून बस," ती धाकटीला म्हणाली, आणि ठिगळासाठी काळं कापड शोधू लागली.