सड्यावर शेण

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील चळवळीतले. रेशन, बसभाडं, भारनियमन, खाडीतलं दूषित पाणी, कशाच्या तरी विरोधात कागदांचा गठ्ठा कोपऱ्यात पडलेला असे आणि घड्या घालायचं काम माझ्याकडे असे. मी वाचायला शिकले तीच उद्गारचिन्हांवर.

म्हणून एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत, इंटरनेटवर कुणालाही लिहिता येणारा मराठी ज्ञानकोश पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, छापखान्याची कटकट संपली. प्रत्येक पानावर 'संपादन' असं बटण. दाबायचं आणि लिहायचं. मी त्याच दिवशी आमच्या खाडीवर एक पान लिहिलं आणि शेवटी ठणकावलं, 'हे यापुढे सहन केलं जाणार नाही!' दुसऱ्या दिवशी ते वाक्य गेलेलं. खाली कुणीतरी शांतपणे लिहिलं होतं की इथे माहिती लिहायची, मत नाही. मी फणफणले. मग विचार केला, ज्ञान कुणाच्या बापाचं नाही हे आपलं तत्त्व असेल, तर या पानाचा बाप मी तरी कशी?

तिथून मी दुसऱ्यांना शिकवायला लागले. कॉलेजातल्या मैत्रिणी आल्या आणि गेल्या. एक शिक्षक आले, स्वतःचा फोटो कसा लावायचा एवढंच विचारून गेले. टिकल्या त्या फक्त भाभी.

भाभी खाडीपलीकडच्या गावातल्या. मुलांच्या शाळेसाठी शहरात भाड्याने राहत होत्या. नवरा कुवेतला. शुक्रवारी त्याला सुट्टी, म्हणून शुक्रवारी दुपारी कॅफेत येऊन, कानाला हेडफोन लावून त्या त्याच्याशी बोलायच्या. तो लाइनवर यायला वेळ लागला की माझ्या स्क्रीनवर डोकावायच्या.

"काय गो, ह्यात मराठी कसा काय येता?"

मी दाखवलं. रोमन अक्षरं दाबायची, देवनागरी उमटते. त्यांनी एका बोटाने स्वतःच्या गावाचं नाव लिहिलं आणि स्क्रीनकडे असं पाहिलं की जणू गावच होडीतून उतरून समोर उभं राहिलंय.

"ह्या सगळ्या दुनियेला दिसणार?"

"सगळ्या दुनियेला."

"मग नीट लिवायला हवा."

पुढचे काही आठवडे त्या नीट लिहीत होत्या. पहिल्या मसुद्यात होतं, 'मशीद गावकऱ्यांनी बांधल्यानी.' मी 'बांधली' केलं. त्या म्हणाल्या, "ल्यानी काढलास म्हणून भिंत नाय पडली ना?" मी म्हटलं, नाही पडली. "मग राहू दे तुझा."

मशीद झाली, खाडी ओलांडायची तर झाली, शाळा झाली. मग त्यांनी सड्यावर लिहिलं. 'गावाच्या वर मोठा सडा आहे. पावसाळ्यानंतर सड्यावर फुले येतात. उन्हाळ्यात सड्यावर क्रिकेटचे सामने होतात.' आमच्याकडे सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट पठार. रत्नागिरीत चढण चढून वर गेलं की सडाच असतो. त्यामुळे सडा म्हणजे काय ते लिहावं, हे आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

पान जतन केल्यावर भाभींनी नवऱ्याला सांगितलं. तो हसला म्हणे. "तू आणि लेख? बिर्याणीचा हिशेब लिवलास काय?" पण पुढच्या शुक्रवारी नमाज झाल्यावर खोलीतल्या सगळ्यांना जमवून वाचतो, असं कबूल केलं. त्या खोलीत गुहागरचे, दापोलीचे, सगळे आपल्याकडचेच लोक. भाभी वरकरणी म्हणाल्या, वाचतील नायतर नाय वाचणार. पण गुरुवारी संध्याकाळी त्या मुद्दाम कॅफेत आल्या, पान ठीक आहे ना ते बघायला.

पान ठीक नव्हतं. वरच लाल चौकट होती, 'हा लेख विसंगत व विनोदी वाटतो, काढून टाकावा.' खाली मजकूर बदललेला. 'गावात दारापुढे मोठा सडा घातला जातो. पावसाळ्यानंतर सड्यावर फुले ठेवतात. उन्हाळ्यात सडा घातलेल्या अंगणात क्रिकेटचे सामने होतात.'

कुणी देशावरचा असणार. त्याच्या गावी सडा म्हणजे पहाटे अंगणात शिंपडायचं शेणाचं पाणी. लेखाला जोडलेल्या चर्चेच्या पानावर त्याने विचारलंही होतं, की सडा रोज वाळतो, तो मोठा कसा असेल, आणि त्यावर सामना कसा होईल?

भाभींनी दोनदा वाचलं. मग त्या इतक्या मोठ्याने ओरडल्या की बारावीचा निकाल बघणारी पोरं वळली.

"माझ्या सड्यावर शेण टाकलान मेल्याने!"

कॅफेचे मालक काउंटरवरून म्हणाले, "भाभी, शेण बाहेर टाका, इथे एसी आहे."

कुणी हसलं. भाभी हसल्या नाहीत. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "उद्या ती सगळी बसतील गो उघडून. वर लाल पाटी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना कायतरी दाखवायचा होता मला. ह्या काढून टाक सगळा. मीच काढते. मला नको."

मी म्हटलं, थांबा. माझ्या अंगात वडिलांचा छापखाना सुरू झाला होता. चर्चेचं पान उघडलं आणि लिहायला बसले. कोकणाच्या शब्दांवर देशाची मक्तेदारी! आखातात राबणाऱ्यांच्या बायकांनी तोंड उघडलं की शेण फासणारी प्रवृत्ती! बंधूंनो, हा केवळ एका सड्याचा प्रश्न नाही! लिहिता लिहिता माझाच ऊर भरून आला. भाभी शेजारी बसून प्रत्येक उद्गारचिन्हाला मान हलवत होत्या. शेवटचं वाक्य झालं. माउस 'जतन करा' वर नेला.

आणि वीज गेली.

भारनियमनाची वेळ होती, आणि कॅफेची बॅटरी आठवडाभर दुरुस्तीला गेली होती. पडदे काळे. पोरांनी शिट्ट्या मारल्या. माझं सगळं पत्रक अंधारात विरघळलं. मी टेबलावर हात आपटला.

मालक मेणबत्ती शोधत म्हणाले, "सरकारने वाचवलान त्या माणसाला."

रात्री झोप लागली नाही ती रागाने. सकाळी मात्र राग वेगळ्या जागी गेला होता. मी त्या माणसाला कितीही झोडपलं असतं तरी त्याला सडा म्हणजे काय ते कळलंच नसतं. माझ्या एवढ्या लांब पत्रकात ते एक वाक्य नव्हतं.

शुक्रवारी सकाळी वाचनालय उघडताच जुना मराठी शब्दकोश काढला. 'सडा' सापडला. अंगणातल्या सड्यासोबत कोकणातल्या खडकाळ सपाट माळाचा अर्थही दिलेला होता. मी तशीच कॅफेत गेले. चर्चेच्या पानावर तीन ओळी लिहिल्या. आमच्याकडे सडा म्हणजे जांभ्याचं पठार, शब्दकोशाचा हा संदर्भ, चौकट काढावी ही विनंती. जतन केलं. उद्गारचिन्ह एकही नाही. हात मोकळे मोकळे वाटले.

चौकट मी स्वतः काढली नाही. ज्याने शंका घेतली त्याच्याशी बोलणं व्हायच्या आधी काढू नये, अशी तिथली रीत होती, आणि ती मीच सगळ्यांना शिकवत होते. दुपारपर्यंत मी दर थोड्या वेळाने पान ताजं करत राहिले. लाल. लाल. भाभी आल्या, माझ्याकडे पाहिलं. हेडफोन हातात घेऊन नुसत्या बसल्या. कुवेतची नमाज संपत आली असेल.

मी पुन्हा पान उघडलं. चौकट नव्हती.

चर्चेत उत्तर होतं. 'माफ करा. आमच्याकडे सडा म्हणजे शेणाचाच. मीही इथे नवीन आहे, बटणं शिकतो आहे, घाईत चौकट लावली. माझे बदल उलटवतो. सडा या विषयावर स्वतंत्र लेख लिहाल का? वाचायला आवडेल.'

म्हणजे तोही आमच्यातलाच एक. त्याला शिकवायला कुणी शेजारी नव्हतं, एवढंच. माझं कालचं पत्रक त्याच्यापर्यंत पोचलं असतं तर हा माणूस पुन्हा इथे फिरकला नसता. मी विजेच्या खात्याचे मनातल्या मनात आभार मानले. घरी सांगितलं असतं तर वडिलांनी बाहेर काढलं असतं.

"गेली?" भाभींनी विचारलं.

"गेली."

त्यांनी माझी पाठ थोपटली, जरा जोरातच.

तेवढ्यात नवरा लाइनवर आला. भाभींनी हेडफोन काढून स्पीकर लावला. पलीकडे गलका. "गप बसा रे, वाचतो हां." तो एकेक शब्द लावून वाचू लागला. मशीद, तर, शाळा. मागची मंडळी मध्येच "बराबर, बराबर" म्हणत होती. मोठा सडा आला, फुलं आली. मग तो अडखळला. "उन्हाळ्यात सडा घातलेल्या अंगणात क्रिकेटचे सामने... अंगणात?"

उलटवताना त्या बिचाऱ्याकडून एक ओळ राहून गेली होती.

खोली हसून फुटली. नवराही हसत ओरडला, "अगो, मी सड्यावरनं मारलेला बॉल खाडीत गेला होता! अंगणातनं मारला असता तर तुझ्या बापाची कौलं फोडलान असतान त्याने!"

मी माउस घ्यायला हात पुढे केला. भाभींनी माझ्या हातावर चापट मारली. "सोड. माझा गाव आहे."

एका बोटाने त्यांनी 'सडा घातलेल्या अंगणात' खोडलं. 'सड्यावर' लिहिलं. बटण दाबलं. "आता परत उघडा," त्या मशीनकडे वाकून म्हणाल्या, जणू कुवेत आत बसलं होतं.

पलीकडे माउसची टिकटिक झाली.

"हां," नवरा म्हणाला. आवाज बदलला होता. "आता आपला सडा झाला. हां... सगळा दिसतोय."

मी खुर्चीत मागे टेकले. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "भाभी, मी गुहागरचा! आमचा पण गाव लिवा की!"

"तुमचा तुम्ही लिवा," भाभी म्हणाल्या. "कसा लिवायचा ते मी सांगते. आधी संपादन दाबा."