टिबुकलीचं घरटं आवरलं त्याची गोष्ट

पन्नाशीत बाई शहाणी होते म्हणतात. मी नुसतीच टापटीप झाले होते. तिकडे परदेशात, तोआ पायोह भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये कुणी चहाचा कप खाली ठेवला की मी तो लगेच विसळून टाकायची.

आमच्या ह्यांना बँकेतल्या नोकरीपलीकडे एकच वेड, पक्षी. रविवारी सकाळी दुर्बीण गळ्यात अडकवून शहराच्या टोकाला पुंगोलला जायचे. तिथे तेव्हा बराच मोकळा माळ होता, कमरेएवढं गवत आणि मधूनमधून तळी. त्यातल्या एका तळ्यात टिबुकलीच्या जोडीनं घरटं केलं होतं. टिबुकली म्हणजे सारखं बुडी मारणारं, बदकाचं पिल्लू वाटावं एवढंसं पाखरू. तळं बुजवून तिथे इमारती होणार होत्या, म्हणजे तिथली ही शेवटचीच वीण. आईच्या पाठीवर बसलेली पिल्लं एकदा बघायची, एवढंच ह्यांचं मागणं. एका रविवारी म्हणाले, "चल की तूही."

गेले. पिवळाधमक पंजाबी ड्रेस, उंच टाचांच्या चपला, हातात छत्री आणि कांदेपोह्यांचा डबा. पक्ष्यांनीच मला बघावं असा थाट!

"ती बघ, जांभळी पाणकोंबडी."

"बघितली. डबा उघडू?"

"अगं, हळू बोल."

"का? तिला मराठी कळतं?"

शेवटी कंटाळून ते सुगरणींची घरटी बघायला पलीकडच्या झाडांकडे गेले. जाताना बजावलं, "काठाशी जाऊ नकोस." मी अर्थातच गेले. मला बघून टिबुकलीनं घरट्यावर काहीतरी ओढल्यासारखं केलं आणि बुडी मारली. घरटं काठापासून हातभरावर. वर कुजकी पानं, शेवाळ, चिखल, आणि त्याखालून डोकावणारं एक अंडं. शी! लेकरं यायची वेळ झाली आणि घराची ही दशा? मी छत्रीच्या टोकानं सगळा कचरा अलगद बाजूला सारला. चार अंडी उन्हात स्वच्छ दिसायला लागली. पसारा आवरला की वाटतं तसं बरं वाटलं मला.

मग सावलीत बसून पोहे खाल्ले.

हे परत आले तेव्हा घरट्यावर दोन कावळे होते. हे टाळ्या वाजवत बुटांसकट पाण्यात शिरले. घरट्यात एका अंड्याची टरफलं तेवढी उरली होती.

"झाकून जाते गं ती," हे पाण्यात उभ्यानंच म्हणाले. "उठताना दर वेळी वर पानं ओढून जाते, कावळ्यांना दिसू नयेत म्हणून. आज कशी विसरली?"

आणि मी, चार घरच्या सुनांना शिस्त लावायला निघालेली बाई, काय म्हणाले? "वेंधळी असेल एखादी."

ते पुढच्या रविवारी म्हणाले, "चल, परत बांधते का बघू." मी म्हटलं, "मला ऊन सोसत नाही." तळ्याभोवती पत्रे लागेपर्यंत ते एकटेच जात राहिले. घरी येऊन सांगायचे, "नाही बांधलं अजून." मी पान वाढायची.

त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. खरं सांगितलं असतं तर ते रागावले नसते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. फार तर जरासे हसले असते आणि मग कितीतरी वेळ गप्प बसले असते. मी त्या गप्प बसण्याला भ्याले.