मिसाओबाईंच्या मोटारीतली घंटा

ज्याच्या करुणेला दिशांची सीमा नाही आणि ज्याच्या करुणेवाचून कुठलीच दिशा सापडत नाही, त्या करुणाघनाला आधी नमस्कार. ऐन उन्हाळ्यात पितर दारच्या दिव्याच्या उजेडाने घरी येतात, तेव्हा त्यांच्यापुढे वाट दाखवत चालणारा तोच. आणि त्या पितरांसाठी दारोदार सूत्रपाठ करत फिरणाऱ्यांना सांभाळणाराही तोच. त्याचे नाव आधी घेतले, आता मिसाओबाईंचे घेतो.

मिसाओबाई आमच्या खोऱ्यातल्या देवळाच्या गृहिणी. लहानथोर त्यांना ओकुसान म्हणतात आणि त्यांच्या यजमानांना, आचार्य गेन्शूंना, ओशोसान. ओशोसानांना सगळी सूत्रे मुखोद्गत, पण मोटार काही त्यांना साधली नाही. उतार लागला की ते चाक धरूनच डोळे मिटत आणि जप सुरू करत. "जप मागच्या सीटवरच्यानं करायचा असतो, चालवणाऱ्यानं नव्हे," असे म्हणून मिसाओबाईंनी लग्नानंतर लगेचच चाक हाती घेतले, ते म्हातारपणापर्यंत सोडले नाही. "देवळात सून आणली की सारथी?" असे गाव हसले. त्याही हसल्या, आणि गाडी पुढच्या घराकडे वळवली. पितरांच्या सणात ओशोसान आत पाठ करत; त्या उन्हात चाकाशी बसून तोच पाठ ओठांतल्या ओठांत म्हणत.

पुढे हिरवी मोटार आली. तिच्यात कंपनीनेच बसवून दिलेला नकाशाचा पडदा होता. तो पडदा ओशोसानांच्या मनात भरला. एखाद्या घराच्या फाटकापाशी गाडी थांबली की ते बोट टेकवून तिथे खूण करत, खुणेला त्या घराण्याचे नाव देत, आणि आवाज म्हणून घंटा निवडत. पुढच्या वर्षी ते घर जवळ आले की मोटारीत बारीकशी घंटा वाजे, आणि ओशोसान गळा साफ करून ताठ बसत. वर्षांमागून वर्षे गेली, आणि सगळे खोरे त्या पडद्यात घंटेघंटेने भरत गेले.

मग एका हिवाळ्यात ओशोसानांची उजवी बाजू गेली, आणि तिच्याबरोबर वाचा गेली. ज्या मुखातून पाठ अखंड वाहायचा, त्या मुखात आता 'आ' आणि 'ऊ' एवढेच उरले. वसंतात मिसाओबाईंची दृष्टी मंदावली. त्यांनी आपण होऊन चौकीवर जाऊन परवाना परत दिला. लेक तोमोए शहरातली नोकरी सोडून, केस उतरवून, दीक्षा घेऊन घरी आली. यंदाचा फेरा तिचा होता.

आणि ओशोसान? ते रोज दुपारी काठी टेकत अंगणातल्या मोटारीत जाऊन बसत. डाव्या बोटाने पडद्यावर एकेक नाव लावत आणि ओठ हलवत. त्या नावाच्या घरचा पाठ चालला आहे, हे मिसाओबाईंना ओसरीवरूनही कळे. बाकी सगळे गेले. एवढा एक फेरा त्यांच्याजवळ उरला होता.

जूनमधल्या एका धुक्याच्या दिवशी तोमोए रस्त्यांची ओळख करून घ्यायला एकटीच गेली, आणि परतली ती पांढरीफटक होऊन.

"आई, बाबांना सांगू नकोस."

"अगं, झालं काय?"

"पडदा म्हणाला, सरळ जा. मी सरळ गेले. पुढं पूलच नव्हता."

पुराने नेलेला तो पूल. त्याच्या ऐवजी डोंगरातून बोगदा झाला होता. गावाला ते पाठ होते, पडद्याला ठाऊक नव्हते, आणि वाट अडवायला घातलेले, वाऱ्याने आडवे झालेले लाकडी कुंपण धुक्यात दिसले नव्हते.

"चाक काठावर होतं, आई."

मिसाओबाईंनी पेल्यात ओतायचा चहा चटईवर ओतला, आणि तो काही डोळ्यांमुळे सांडला नाही.

दुसऱ्या दिवशी मायलेकी खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या गॅरेजात गेल्या. गॅरेजवाला कुसाका मिसाओबाईंच्या समोर लहानाचा मोठा झालेला.

"ओकुसान, सरळ सांगतो," तो म्हणाला. "कंपनीचा पडदा ठेवायचा, तर या गाडीचे नवे नकाशे कंपनीनं केव्हाच बंद केलेत. शेवटचा आला होता तो मिळवीन कुठूनतरी, पण त्यातसुद्धा तो पूल उभाच आहे. आणि फोनवरच्या नकाशाला वरच्या वाड्यांत रेंज नाही."

"आणि बाहेरचा बसवला तर?"

"तर बोगदा, नवा रस्ता, सगळं दिसेल. एसीची बटणं याच पडद्यात आहेत, मागचा कॅमेराही. ते जुळवायची खटपट माझी. पण..."

"पण काय? इंजिन बिघडलेलं सांगतानासुद्धा तुझं तोंड एवढं उतरत नाही."

"ओशोसानांच्या खुणा नाही येणार त्यात. याच्यातलं त्याच्यात जात नाही. घरं काय, तोमोएसान गावाला विचारून पुन्हा घालतील."

"घरं सापडतील रे. त्यांचं काय? हाच काढून घरी लावून दे ना."

कुसाकाने मान हलवली. "गाडीबाहेर काढला की तो कुलूप लावून बसतो, ओकुसान. नुसती काळी काच."

मिसाओबाई घरी परतल्या. एका पारड्यात लेकीचा जीव, दुसऱ्यात धन्याच्या जगण्यातले शेवटचे काम. आणि काटा धरायला एकटा त्यांचा हात. पहाटे त्या देव्हाऱ्यापुढे हात जोडून बसल्या. एकदा मनात आले, पोरीला रस्ता नीट समजावून देऊ, पडदा राहू दे. लगेच धुके आठवले. लेकीचा शब्द मोडायचा नव्हता. पण धन्याला अंधारात ठेवून त्याची वस्तू काढायची, हे त्याहून वाईट वाटले. संध्याकाळी जेवताना त्यांनी सांगून टाकले.

"अहो, पडदा बदलायचाय. तोमोए त्या पुलावर गेली होती. चाक काठावर होतं."

ओशोसानांनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या आणि भिंतीकडे तोंड केले.

"रागवा. माझ्यावरच रागवा. पण पोरीला मी त्या वाटेला नाही पाठवणार."

सूप निवून गेले.

नवा पडदा बसला. ओशोसान एकदाच मोटारीत येऊन बसले. बोट फिरवून पाहिले. नवा रस्ता होता, नवा बोगदा होता. नाव मात्र एकही नव्हते. त्यांनी मान उचलून मिसाओबाईंकडे पाहिले. बाईंच्या डोळ्यांना सारे जग धूसर. ती नजर तेवढी लख्ख दिसली. त्यानंतर पावसाचे सगळे दिवस ओशोसान मोटारीकडे फिरकले नाहीत, आणि बाई ओसरीवर बसून रिकाम्या मोटारीकडे पाहत राहिल्या.

पाऊस सरला, ऊन तापले, आणि पितरांच्या सणाची सकाळ उजाडली. तोमोए अंगणात आली, तर ओशोसान पुढच्या सीटवर बसलेले. डाव्या हाताने कसाबसा चढवलेला पाठाचा झगा, त्यावरची गळपट्टी वाकडी.

"बाबा, तुम्ही इथं बसलात तर उदबत्त्यांचा डबा कुठं ठेवू?"

त्यांनी मांडीवर थाप मारली.

"बरं, धरा. पण डुलकी काढायची नाही हं."

मिसाओबाई बार्लीच्या चहाचा थर्मास घेऊन मागे बसल्या. त्या मोटारीत मागे बसायची त्यांची ही पहिलीच वेळ. उतार लागला तशी त्यांनी माळ ओढायला घेतली.

पहिले घर उनेमोतोंचे. फाटकाशी गाडी थांबली, आणि ओशोसानांचे डावे बोट वर उठले, पडद्यापाशी जाऊन अधांतरी राहिले. तोमोएने नव्या पडद्यावर खुणेची जागा उघडली.

"इथं टेकवा, बाबा. हं. आता आवाज निवडा."

बोट थरथरले, आणि गाडीत बेडूक ओरडला. तोमोए फिस्सकन हसली. ओशोसान हसले नाहीत. पुन्हा बोट, पुन्हा थरथर. आणि मग घंटा.

पुढे सारुवातारींच्या घरापाशी तोमोएने वेग कमी केला नाही. दाराला फळ्या ठोकलेल्या, अंगणात गवत.

"आ!" ओशोसानांनी समोर थाप मारली.

"बाबा, इथं आता कुणी राहत नाही."

"आ!"

"थांब गं," मागून मिसाओबाई म्हणाल्या. "त्यांचे पितर आले असतील. दार बंद बघून उभे असतील बिचारे."

तोमोए उतरली. बंद दारापुढे उदबत्ती लावून तिने पाठ केला. ओशोसान सीटवरच ओठ हलवत होते. पाठ संपला तशी त्यांनी तिथेही खूण केली.

संध्याकाळपर्यंत निम्मी घरेही झाली नाहीत. थकव्याने ओशोसानांची मान कलली होती. परतताना बोगदा ओलांडून गाडी पुन्हा खोऱ्यात शिरली, आणि सकाळच्या घरांजवळून जाताना घंटा वाजू लागली. एक, मग अंतर, मग दुसरी.

"अहो," मिसाओबाईंनी हळूच विचारले, "राग गेला का?"

ओशोसानांनी मान वळवली नाही. सीट आणि दाराच्या मधून डावा हात मागे आला. हातात रिकामा पेला होता. राग गेला की नाही, ते बाईंना कळले नाही. त्यांनी काठ चाचपून चहा ओतला. पेला पुढे गेला, आणि पुढे कुठेतरी सारुवातारींची घंटा वाजली.

करुणाघना, या माउलीला सांभाळ. तिच्या डोळ्यांत उरला आहे तेवढा उजेड राहू दे. तिच्या धन्याचे मुके ओठ तुझ्याच पाठाने भिजलेले राहू देत. तिच्या लेकीच्या चाकाखालचा रस्ता कधी तुटू देऊ नकोस. त्या देवळाच्या दारी दिवा तेवता असो, पेला भरता असो, आणि राग-लोभासकट ते घर सदैव एका गाडीत बसलेले असो.