दिराच्या हिरवळीखालचा फाटा

वहिनी तिखट कानाच्या. आमच्या पाणी खात्यात गळती शोधायचं काम त्यांचं. लोखंडी कांडी रस्त्यावर टेकवायची, वरचं टोक कानाला लावायचं आणि खालच्या नळातून पाणी कुठे निसटतंय ते ऐकायचं. त्यांनी जागा दाखवली की मी खणायचं. त्यांचा नवरा माझा जिवलग दोस्त, खात्यातच फिटर. तो गेल्यावर त्याच्या जागी यांना घेतलं.

नवऱ्याची राख निवते न निवते तोच थोरल्या दिराने यांना लेकीसकट घराबाहेर काढलं. वहिनी रडल्या नाहीत. दात-ओठ खात दिवस मोजत राहिल्या.

हल्ली पावसाचा काही नेम नाही. येतो तो धो धो, वाहून जातो, तलाव आपला तळालाच. नवं पाणी आणायचं कुठून? म्हणून खात्याने फर्मान काढलं: गळत्या बुजवा, चोरीच्या जोडण्या तोडा. अख्खं शहर दिवसाआड बादल्या भरत होतं आणि दिराच्या बंगल्यापुढची हिरवळ मात्र टवटवीत. वहिनींनी साहेबांच्या मागे लागून तीच गल्ली मागून घेतली. खोटं कशाला बोलू, मलाही त्या माणसाचं नाक ठेचलेलं बघायचं होतं.

कुंपणाशी कांडी टेकवताच वहिनींचा चेहरा खुलला. मी खणलं. मोठ्या नळातून चोरून काढलेला फाटा लागला, आणि मी कुदळ बाजूला ठेवली. सांध्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी होती, वर तांब्याच्या तारेची तिपेडी गाठ. तशी गाठ खात्यात एकच माणूस मारायचा.

दीर फाटकात येऊन उभा होता.

"बुजव तो खड्डा," तो थंडपणे म्हणाला. "तुझ्या नवऱ्याचंच काम आहे. त्याचं नाव निघालं तर तुझी नोकरी राहील का?"

राहिली नसती. मी हळूच म्हटलं, वहिनी, पोरीकडे बघा, माती लोटतो, कुणाला कळणार नाही.

वहिनी खड्ड्यात उतरल्या. गाठीवरून बोट फिरवलं.

"मेल्यावरसुद्धा भावाचीच बाजू घेताय होय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. मग माझ्याकडे हात केला. "भाऊजी, करवत द्या."

फाटा कापला आणि खड्ड्यातूनच त्यांनी साहेबांना फोन लावला. जोडणी कुणी केली होती तेही स्वतःच सांगितलं. दिराचं तोंड बघण्यासारखं झालं.

नोकरी गेलीच. आता वहिनी घरी शिवणकाम करतात. परवा तो दीर टँकरच्या रांगेत बादली घेऊन उभा दिसला, तशी मी वाट वाकडी करून त्यांना सांगायला गेलो. त्यांनी मशीन थांबवलं.

"रांगेत चांगलं कडक ऊन होतं ना?" त्यांनी विचारलं.