माईक ठीक होता

सुवर्णाच्या नंबरवरून फोन आला आणि पलीकडून कुणाचा तरी आवाज आला, तेव्हाच मी समजलो. गेले कित्येक महिने तिच्या फोनवरून आवाज येत नसे. ती नुसती रिंग द्यायची आणि कट करायची. एक रिंग म्हणजे ‘दादा, जमेल तेव्हा ये’. लागोपाठ दोन म्हणजे ‘आत्ता ये’. त्या सकाळी पोलादपूरला माझ्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाचं शटर नुकतंच वर केलं होतं. फोन वाजला आणि वाजतच राहिला. उचलला, तर आत्या. “संत्या...” एवढंच म्हणाली. पुढे तिला काही सांगावं लागलं नाही. गणपतीला आलेले मुंबईकर परत गेले होते, आत्याच्या वाडीत पुन्हा म्हातारी माणसंच उरली होती. सुवर्णाला उचलायला चार धडधाकट खांदे हवेत म्हणून मला उमरठपर्यंत फिरावं लागलं. पोरगी जेमतेम तिशी ओलांडलेली, आणि तिला खांदा द्यायला माणसं शोधायची... हे कुणाच्या वाट्याला येऊ नये.

सुवर्णा माझी आतेबहीण. वडील ती लहान असतानाच गेले. घरात ती आणि आत्या, दोघीच. महाडला एका छोट्या हॉस्पिटलात ती नर्स होती, रोज एसटीने जाऊन-येऊन करायची. जपानला म्हातारी माणसं सांभाळायला नर्सा हव्या असतात, फक्त भाषा यायला पाहिजे, असं तिला कुणीतरी सांगितलं आणि हिने ते मनावर घेतलं. मी चेष्टा केली, “वाडीतली म्हातारी कमी पडली काय गं तुला?” तर म्हणाली, “वाडीत म्हातारीच उरलीत, दादा. इथे करते तेच तिथे करीन. चार-पाच वर्षांनी येऊन खाली रस्त्याला लागून आईला घर बांधीन. तिचे गुडघे गेलेत, किती दिवस चढवायची तिला ही दगडी पायऱ्यांची पाखाडी?” क्लास पुण्याला नाहीतर मुंबईला. नोकरी सोडून जाणं शक्य नव्हतं. मग जे काही शिकायचं ते फोनवरच.

सगळी ॲपं मीच तिला माझ्या दुकानात बसवून दिली, कारण वाडीवर नेटची रेंज म्हणजे पाण्याच्या टाकीपाशी उभं राहिलं तर मिळणारी गोष्ट. एकदा टाकली की ती नेटशिवायही चालत. एक ॲप पत्त्यांचं. एका बाजूला जपानी अक्षर, उलटवलं की अर्थ; जे चुकेल ते लवकर परत समोर येणार, जे येतंय ते उशिराने. एक शब्दकोश असा, की बोटाने अक्षर गिरवलं की तो ओळखून दाखवी. नदीचं अक्षर म्हणजे तीन उभ्या रेघा. ती म्हणे, “आपल्या सावित्रीला पूर आला की तीन रेघांनी भागायचं नाय.” आणि तिसरं, तिचं सगळ्यात लाडकं, बोलायचं ॲप. त्यातली बाई एक वाक्य म्हणणार, आपण तिच्यामागून म्हणायचं. फोन ते रेकॉर्ड करून घेतो, तपासतो आणि रंग दाखवतो. हिरवा म्हणजे बरोबर, पिवळा म्हणजे बरं, लाल म्हणजे चूक. लालच्या खाली इंग्रजीत येतं : पुन्हा म्हणा.

महाडच्या गाडीत कानात वायर घालून ती पुटपुटत बसायची. बायकांना वाटे, पोरीने कुठल्या तरी बाबाचा जप घेतलाय. एकीने तर विचारलंही, “कंचा मंत्र गो? मलाबी दे.” हॉस्पिटलात इंजेक्शन देताना ती पेशंटला म्हणायची, “दाइजोबु, आजी, दाइजोबु.” म्हणजे काही होत नाही, सगळं ठीक आहे. पुढे पुढे म्हातारेच विचारायला लागले, आज ‘दायजोबू बाई’ कुठंय म्हणून. आपल्या मराठी जिभेला जपानी जड नाही, असं तिचं मत होतं, आणि फोनचंही तेच मत असावं. वर्षभर नुसता हिरवा रंग. दुकानात येऊन मला नाचवून दाखवायची.

मग एका उन्हाळ्यात ती फोन घेऊन आली. “दादा, माईक गेलाय याचा. र किंवा ज म्हटलं की लाल दाखवतो.” मी जाळी साफ करून दिली. आठवड्याने पुन्हा आली, “अजून तसंच.” मी माईक बदलला. तरी लाल. मग इअरफोन बदलले, ॲप काढून परत टाकलं, शेवटी माझ्याकडचा दुसरा हँडसेट दिला. तरी लाल. मी वैतागून म्हटलं, आण इकडे. त्या बाईने म्हटलेलं ‘दाइजोबु’चं वाक्य मी पोपटासारखं फोनमध्ये म्हटलं. जपानीतलं मला ओ की ठो कळत नाही, आणि फोन हिरवा झाला. “बघ,” मी म्हणालो, “न शिकता पास! तूच जा आता पहिलीच्या वर्गात.” ती खळखळून हसली. मग तेच वाक्य तिने म्हटलं. लाल. पुन्हा म्हटलं, लाल. ती हसायची थांबली. समोर गिऱ्हाईक होतं, मी त्याचा डिस्प्ले उघडायला घेतला... माईक ठीक होता. सगळे माईक ठीक होते. तिच्या तोंडाकडे बघायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. घरात, गाडीत, हॉस्पिटलात तिचं बोलणं सगळ्यांना पूर्वीसारखंच ऐकू येत होतं. बिघडलं ते पहिल्यांदा त्या यंत्राला कळलं, आणि आम्ही यंत्र दुरुस्त करत बसलो.

ती मात्र सराव वाढवत गेली. ड्युटीने थकवा येतो, म्हणून जीभ जड होते, असं म्हणायची. पावसाळ्यात चहा पिताना ठसका लागायला लागला. आत्याने मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या, “माझ्या लेकीच्या जिभेला दिष्ट लागली,” म्हणाली. मग तिच्याच हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी एक दिवस तिला जीभ बाहेर काढायला सांगितलं आणि मुंबईला पाठवलं. मेंदूचा निरोप स्नायूंना नेणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात, असा तो आजार. कुणाचा हातापायापासून सुरू होतो, हिचा जिभेपासून झाला. औषध नाही. डोकं शेवटपर्यंत शाबूत. परतताना ती गाडीत माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही. तिने पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा माझ्या लक्षात आलं, ती ‘दाइजोबु’ म्हणत होती. मला धीर देत होती ती, आणि मला रस्ता दिसेनासा झाला.

परीक्षा तिने सोडली नाही. त्यात बोलायचं नसतंच, फक्त वाचायचं आणि ऐकायचं. डिसेंबरात मी दोघींना घेऊन वरंधमार्गे भोर करून पुण्याला गेलो. ती पास झाली. निकाल आला तेव्हा तिने फोन आत्यापुढे धरला, मी वाचून दाखवलं. आत्याचं तोंड उजळलं. “मंग आता जायाचं का जपानला?” तिने विचारलं. सुवर्णाने माझ्याकडे पाहिलं, मी बाहेरच्या फणसाकडे.

आणि तरीही रोज ते बोलायचं ॲप. एकेक वाक्य, लाल, लाल, लाल. तोंडातून नुसता हुंकार यायचा, आणि ते निर्लज्ज यंत्र म्हणायचं, पुन्हा म्हणा. एकदा मी चिडून फोन हिसकावून घेतला. “बंद कर हे! कशाला स्वतःचे हाल करून घेतेस?” तिने शांतपणे फोन परत घेतला आणि टाईप करून दाखवलं : ‘तुम्ही सगळे कळलं कळलं म्हणता. हे एकटंच खरं सांगतं.’ खरं होतं. आम्हाला अर्धं कळत नसे, आणि आम्ही माना डोलवायचो.

पण सगळ्यात वाईट पुढेच होतं. आवाज पुरता गेला, आणि सुवर्णा लिहू लागली. आत्याला अक्षर येत नाही. एकाच चुलीपुढे बसलेल्या मायलेकी, एक बोलू शकत नाही, दुसरी वाचू शकत नाही... मी लिहिलेलं वाचून दाखवणारं ॲप टाकून दिलं. फोनमधून एक गुळगुळीत बाई बोलली, “आई, मला पाणी हवे आहे.” आत्या दचकली. “ही कोण भवानी? हिला बंद कर. माझी सुवी अशी बोलत नाय.” सुवर्णाने ते पुन्हा कधी लावलं नाही. मग हाताच्या खुणा होत्या. मग हातही गेले, फक्त एक बोट उरलं, मला रिंग देण्यापुरतं. माझ्या दुकानाच्या पाटीवर लिहिलंय, ‘सर्व प्रकारची दुरुस्ती’. त्या दिवसांत ती पाटी उतरवून सावित्रीत फेकावी असं वाटायचं.

दिवसकार्य उरकल्यावर आत्या पाखाडी उतरून, गुडघे धरत, जीपने माझ्या दुकानी आली. पदराच्या गाठीतून फोन काढून काउंटरवर ठेवला. “संत्या, हिचा आवाज काढून दे.” मी सगळं धुंडाळलं. सुवर्णा व्हॉइस मेसेज पाठवणारी नव्हती. नातेवाइकांच्या लग्नांच्या व्हिडिओंत ती मागे कुठेतरी, तोंड हलताना दिसते, ऐकू येतो तो बँड. तिचा आवाज होता तो एकाच जागी, त्या बोलायच्या ॲपमध्ये; फोन बदलला तरी तिच्या खात्यात पहिल्यापासूनचं सगळं साठून राहिलं होतं. म्हणजे होता भरपूर, पण सगळा जपानी. मी हिरव्या रंगातलं एक जुनं लावलं. आत्याने फोन कानाला लावला. “तीच... काय म्हणते रं?” मी भाषांतर वाचून सांगितलं, “स्टेशन कुठे आहे, विचारते.” आत्याने फोन तोंडापुढे धरला. “कुठं जायाचं व्हतं गो तुला?” ती फोनला म्हणाली. मी दुसरं लावलं, तिसरं लावलं. सकाळ छान आहे. हे सफरचंद लाल आहे. आत्या ऐकत होती आणि तिला त्यातलं काहीच घेता येत नव्हतं. लेक बोलत होती, आणि आईशी बोलत नव्हती.

लाल खुणा मी मुद्दाम टाळत होतो. ते तुटके हुंकार मला ऐकवत नव्हते. पण अगदी सुरुवातीच्या, हिरव्यागार काळात एक लाल खूण दिसली. एवढं चांगलं बोलत असताना ही कशी चुकली, म्हणून लावून पाहिली. जपानी वाक्य अर्धंच होतं. मागे कोंबडा, भांड्याचा आवाज, आणि लांबून आत्याची हाक : “सुवेऽ, जेवाया ये गो, भाकरी गार व्हतेय!” आणि लगेच जवळून, खणखणीत : “आले गो आये, आले!” यंत्राला ते कळलं नव्हतं. त्याने लाल रंग देऊन टाकला होता.

आत्या काउंटरवर डोकं टेकून रडली. मीही. गिऱ्हाईक आलं आणि बघून निघून गेलं.

ते रेकॉर्डिंग मी तीन ठिकाणी ठेवलंय. धंदाच हा असल्याने माझा यंत्रावर विश्वास नाही. आत्याला तो आवाज ॲपमधून काढून साध्या फोनवर घालून देतो म्हटलं, तर नको म्हणाली, सुवीच्याच फोनमध्ये राहू दे. कुठे बोट लावायचं ते मी तिला दाखवून ठेवलं. परवा वाडीवर गेलो होतो. जेवायची वेळ. आत्याने दोन ताटं घेतली, एक मला, एक स्वतःला. फोन चुलीशेजारच्या फळीवर, सुवर्णा ठेवायची तिथेच. तव्यावरची भाकरी उतरवून तिने हात पुसला आणि बोट लावलं. हाक आली, ओ आली, “आले गो आये, आले!” आणि मग नेहमीसारखा पडदा लाल झाला. खाली अक्षरं उमटली : पुन्हा म्हणा. माईकची खूण लुकलुकत राहिली. आत्याला ती अक्षरं वाचता येत नाहीत. ती दाराकडे तोंड करून म्हणाली, “ये गो सुवे... भाकरी गार व्हतेय.”