बारा टोचल्या, अकरा काढल्या

माझी ताई शिवणकाम करते. दुकानातून कपडा बाहेर जाण्याआधी ती त्यातल्या टाचण्या मोजते. एकदा कुणाच्या लेकीच्या फ्रॉकमध्ये एक राहिली होती, तेव्हापासूनची ही खोड. मी तिला टाचणीबाई म्हणते.

ताईच्या लग्नाला सहा वर्षं झाली तरी मूल नव्हतं आणि सात महिने पाळीचा पत्ता नव्हता. हार्मोन्स बिघडलेत, अंडाशयांवर बारीक गाठी आहेत, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्यांनी फरक पडेना, तेव्हा ती ॲक्युपंक्चरवाल्या बाईंकडे जाऊ लागली. बाईंनी आधीच बजावलं होतं, "खात्री देत नाही. गोळ्या बंद करायच्या नाहीत."

तिसऱ्या खेपेनंतर ताई वाकेना, बसेना. भाऊजींना वाटलं, पाठ धरली. तीन दिवसांनी मी गेले, तर तिने माझा हात आपल्या बेंबीखाली ठेवला.

"इथे सुई राहिलीय गं. बारा टोचल्या, अकराच काढल्या."

मी हसणार होते, पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. शिवाय मोजण्यात ताई चुकत नाही, हे मला पक्कं ठाऊक. मी तिला तशीच गाडीत घालून बाईंकडे निघाले. गाडीत प्रत्येक खड्ड्याला तिची नखं माझ्या मनगटात रुतत होती आणि मी मनातल्या मनात त्या बाईंना शिव्या मोजत होते.

बाईंनी पोट तपासलं, मग समोरच्या दवाखान्यात एक्स-रे फोटो काढायला लावला. फोटोत सुई नव्हती.

"एक नीट बसली नव्हती," बाई म्हणाल्या. "लगेच काढून शेजारी दुसरी लावली. तुम्ही पाहिलं नाही?"

"डोळे मिटले होते. भीती वाटते सुयांची. टोचेल तशी मोजत होते."

दिवसभर सुया-टाचण्यांत बसणारी आमची ताई! माझा पारा चढला. "मग त्याच दिवशी विचारायला काय झालं होतं? तीन दिवस जीव मुठीत धरून हिंडलीस!"

ताई खाली बघत म्हणाली, "खरंच निघाली असती, तर बाईंनी घाबरून मला पुन्हा सुया लावल्या नसत्या."

सुईची भीती गेली होती; आता मला ताईचीच भीती वाटू लागली.

ती मात्र बाईंकडे वळली. "आजची खेप करून टाकता का?" असं विचारत ती पलंगावर चढलीसुद्धा, आणि तिने डोळे घट्ट मिटून घेतले.